लख्ख पुसलेला दिवा

त्याच्या चष्म्यावर मिठाचे पांढरे ठिपके होते. चष्म्याच्या दुकानात काउंटरमागे बसलेल्या तिने ते लगेच ओळखले. घरच्या खाऱ्या पाण्याच्या फिश-टँकभोवती असेच ठिपके पडायचे.

“समुद्रात डुबकी मारून आलात वाटतं?” काच पुसता पुसता तिने विचारलं.

“नाही हो, लोकांच्या टँकमध्ये हात घालून. त्यावरच पोट चालतं माझं.”

तिचा हात थांबला. बुडत्याला काडी मिळावी तसं झालं तिला.

“मग कोरलचं, प्रवाळांचं कळत असेल तुम्हाला! आमची… चार दिवसांत पांढरीफटक पडलीत. बाबांचं ऑपरेशन झालंय, तीन आठवड्यांनी घरी येतील. आई गेल्यापासून त्यांनी जीव लावला तो त्या टँकलाच. आणि तो माझ्या हाती असताना…”

“आधी चष्मा द्या,” तो म्हणाला. “तुम्ही धूसर दिसताय… ते काही परवडायचं नाही मला.”

रडू येत असतानाही ती हसली, आणि तिने घरचा पत्ता लिहून दिला.

संध्याकाळी तो खरंच आला. पाण्याचा खारेपणा मोजला, तापमान पाहिलं, इवल्या नळ्यांत थेंब टाकून रंग ताडून पाहिले. सगळं ठीकठाक.

“नवीन काय केलंत?”

“काही नाही.”

“नवा मासा? औषध?”

“नाही म्हटलं ना!”

“चिडू नका. पाणी खोटं बोलत नाही, माणसंच विसरतात.” तो गुडघ्यांवर बसून खालून पाहू लागला. “हे बघा… वरूनच पांढरी पडलीत. सावलीतली बाजू अजून हिरवी आहे.” मग त्याने मान वर केली. “हा दिवा इतका लख्ख कसा?”

“मी पुसला. मळकी काच दिसली की माझे हात शिवशिवतात. मिठाचा हा एवढा थर होता, व्हिनेगर लावून…” वाक्य अर्ध्यावरच राहिलं. तिचा चेहरा उतरला.

“त्या थरातून येईल तेवढ्याच उजेडाची सवय होती त्यांना. एका दिवसात डोळे दिपले बिचाऱ्यांचे.”

“म्हणजे मीच मारलं त्यांना.”

“मेलीत कुठे?” त्याने पाण्यात चिमूटभर खाऊ सोडला. पांढऱ्या कोरलमधून बारीक बोटं हळूहळू बाहेर आली. “भूक आहे ना, मग जीव आहे.” दिवा वर टांगून त्याने उजेड कमी केला. “आता घाई नको. मी रोज येऊन बघून जाईन.”

आणि तो रोज आला. दोघं एकाच काचेशी वाकायची; खांद्याला खांदा लागला की दोघांनाही एकदमच दुसरं काहीतरी काम आठवायचं. त्याची पावलं जिन्यात वाजली की ती उगाचच केस सारखे करी. तो तिला आवडत होता, अगदी मनापासून. पण कोरल सावरली की हा यायचा बंद होईल, या धास्तीने तिचा जीव टांगणीला लागला. सतराव्या दिवशी पांढऱ्यावर रंग परतत असल्याची फिकट तपकिरी झाक आली, तेव्हा ती आनंदाने उडालीच… आणि मग हळूच म्हणाली, “अजून पुरती बरी नाहीत हं.”

बाबा आले ते थेट टँकसमोर बसले; तो बाजूलाच उभा होता. तिने एका दमात सगळं कबूल केलं.

“अगं, चार वर्षं आळसाने मी तो पुसला नाही,” बाबा हसले. “त्याचं खापर तुझ्यावर कशाला?” मग ते त्याच्याकडे वळले. “रोज येत होतास?”

“हो, काका.”

“कोरल तपासायला आठवड्यातून एकदा पुरतं की रे. एवढंही ठाऊक नाही?”

त्याचे कान लालबुंद झाले. “ठाऊक आहे, काका.”

“मलाही ठाऊक होतं,” ती हळूच म्हणाली. “दुसऱ्याच दिवशी बाबांच्या पुस्तकात वाचलं.”

“मग बोलला का नाहीत?”

“तुम्ही आठवड्यातून एकदाच आला असता ना…”

बाबांनी डोळे मिटून झोप आल्याचं सोंग घेतलं.

“कोरल आता बरी होतील,” तो अडखळला. “उद्यापासून… काही कारण न काढता आलो तर?”

“या,” ती म्हणाली, आणि बाबा समोर असतानाही तिने त्याचा हात धरला. “रोज या.”