मागच्या रांगेतली आई

"मावशी, फोटो काढ ना लवकर! शेपूट पळायच्या बेतात आहे," भिंगरी ओरडली.

शेपूट म्हणजे तिचा धाकटा भाऊ. ताई जाईल तिथे तो मागोमाग, म्हणून हे नाव. भिंगरीला भिंगरी का म्हणतात हे तिला दोन मिनिटं एका जागी उभं केलं की आपोआप कळायचं. तिसरा पंडित, तिचा मावसभाऊ. त्याला सगळं माहीत असायचं, आणि जे माहीत नसायचं तेही तो तितक्याच ठामपणे सांगायचा.

वसंतातल्या सुट्टीत दोघी बहिणींनी, म्हणजे आईने आणि मावशीने, या तिघांना घेऊन बसची सहल गाठली होती. आधी वाटेतल्या नावाजलेल्या बागा आणि शेवटी समुद्राकाठचं जुनं शहर. प्रत्येक बागेत एक फोटो ठरलेला. मावशी मोबाईल धरायची. आई सहप्रवाशांनासुद्धा गोळा करून झाडापुढे उभं करायची आणि स्वतः मागच्या रांगेत, अगदी फुलांना टेकून उभी राहायची. "मी जाडी दिसते, मी मागेच बरी," असं म्हणायची. कुणाचे तरी डोळे मिटतातच, म्हणून मावशी लागोपाठ दोन फोटो काढायची.

आजचा फोटो होता कप्तानाच्या गुलाबापुढे. जुन्या शहराच्या तटावर कुणा एका कप्तानाने बाग केली होती आणि शेवटच्या सफरीवरून येताना हा गुलाब आणून तटाला चढवला होता. आता त्याचं खोड पोखरलं होतं. बागेतल्या माळीणबाईंनी सगळ्यांना लांबूनच दाखवलं होतं, की यंदा त्याला एकच नवी फांदी फुटली आहे. फोटो झाला आणि मंडळी दगडी गल्ल्यांतून, दोरखंडांच्या दुकानांवरून आणि जुन्या जकातघरावरून फिरत बंदराजवळ जेवायला बसली.

जेवणं आटोपतात तोच माळीणबाई धापा टाकत तिथे आल्या. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं, पण त्या नुसत्या विचारत होत्या. गुलाबाची ती फांदी कुणीतरी कापून नेली होती. तिच्यावरचे डोळे, म्हणजे कोंब फुटायच्या जागा, काढून त्या ते आजच दुसऱ्या गुलाबांच्या नव्या खुंटांवर भरणार होत्या, म्हणजे त्याच गुलाबाची नवी झाडं झाली असती. खुंटही तयार करून ठेवले होते.

"कुणाकडे असेल तर आजच आणून द्या," त्या म्हणाल्या. "सुकली तर मग काही करता येणार नाही. म्हातारं झाड पुढचा वसंत बघेल असं मला वाटत नाही."

त्या गेल्यावर सगळ्यांना कंठ फुटला. काय एकेक माणसं असतात, असं जो तो म्हणू लागला. "लाज कशी वाटत नाही लोकांना," आई म्हणाली.

तिघं लगेच कामाला लागली. पंडितचा संशय टोपीवाल्या काकांवर होता, कारण ते आपली पिशवी क्षणभरही खाली ठेवत नव्हते. शेपूट त्यांच्याजवळ चेंडू घरंगळत सोडून पिशवीत डोकावून आला. पिशवीत उशी होती. घरची उशी असल्याशिवाय काकांना झोप लागत नसे. पंडित म्हणाला, हे त्याला आधीपासूनच माहीत होतं.

मग भिंगरीने मावशीचा मोबाईल मागून घेतला. फोटोत मागे कुणी अनोळखी माणूस घुटमळताना दिसला तर तोच चोर, असा तिचा हिशोब होता. पहिल्या फोटोत आईच्या खांद्यावरून फांदी डोकावत होती, कोवळी, तांबूस पानांची. दुसऱ्या फोटोत तिथे नुसता तट होता. अनोळखी माणूस एकही नव्हता. आईचा एक हात मात्र पाठीमागे गेला होता.

भिंगरीने आधीच्या बागांचे फोटो काढून पाहिले. सगळीकडे आई मागे, आणि सगळीकडे तिचा हात पाठीशी. पंडितने आयुष्यात पहिल्यांदाच माहीत असलेली गोष्ट बोलून दाखवली नाही.

"म्हणून आई थर्मासमधला चहा देत नाही," शेपूट म्हणाला. "मी सकाळी मागितला तर केवढी ओरडली."

भिंगरीचे कान तापले. वर्गातल्या मुलीचं खोडरबर चुकून घरी आलं होतं तेव्हा याच आईने तिला हाताला धरून शाळेत परत नेलं होतं. आणि या प्रत्येक फोटोत ती आईच्या पुढ्यात उभी राहून दात काढत होती. तिच्या पाठीआड कात्री चालत होती आणि ती पडद्यासारखी उभी होती. तिला मोबाईल समुद्रात फेकून द्यावासा वाटला.

आपण तुझ्या आईला सरळ विचारूया, असं पंडित म्हणाला. भिंगरीने नकारार्थी मान हलवली. असं आईला कसं विचारायचं? आणि सगळ्या बससमोर? त्यापेक्षा फांदी गुपचूप जागेवर पोचवायची, आईचं नावही येऊ द्यायचं नाही, असं तिने ठरवून टाकलं.

थर्मास आईच्या मांडीवर होता. शेपटाने पोट धरून असा काही टाहो फोडला की आई थर्मास मावशीकडे देऊन त्याला घेऊन धावली. मावशी सावलीत टेकली की पाचव्या श्वासाला घोरायची, तशी ती घोरली. पंडितने आपल्याच आईच्या मांडीवरून थर्मास अलगद उचलला आणि तिथे आपली पाण्याची बाटली ठेवली.

मग दोघं सुटली. जकातघराला वळसा घालून, ओल्या पायऱ्यांवरून घसरत, एका दोरखंडवाल्याच्या शिव्या खात ती तटावरच्या बागेत पोचली, तेव्हा पंडितची चप्पल एकच उरली होती.

"ही घ्या," भिंगरीने थर्मास माळीणबाईंपुढे धरला. "मी तोडली होती."

हे बोलायचं ठरलं नव्हतं. पंडित तिच्याकडे बघतच राहिला. कुणी तोडली हा प्रश्न येणारच होता, आणि त्याचं दुसरं उत्तर तिच्या तोंडून निघालं नसतं.

तेवढ्यात पायऱ्यांवर गलका झाला. मुलं नाहीत हे बघून ड्रायव्हरकाका, मावशी, टोपीवाले काका आणि निम्मी बस त्यांना शोधत आली होती. सगळ्यांत शेवटी शेपटाचा हात धरून आई. माळीणबाईंनी झाली गोष्ट सांगितली. चूक सगळ्यांच्या हातून होते, पण कबूल करायला छाती लागते, असंही त्या म्हणाल्या. टोपीवाल्या काकांनी भिंगरीची पाठ थोपटली. कुणीतरी टाळ्या वाजवल्या. भिंगरीला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. तिने आईकडे पाहिलं, तर आई खालच्या फरशीकडे बघत होती.

माळीणबाईंनी थर्मासमधल्या इतर फांद्यांतून आपली फांदी बाहेर काढली. बर्फाच्या तुकड्यांत, ओल्या फडक्यात गुंडाळलेली. टोकाला भिजवलेला कापूस, आणि पानं छाटून फक्त देठ ठेवलेले.

"पानं का छाटलीस गं?" त्यांनी विचारलं.

भिंगरीने पंडितकडे पाहिलं. पंडितने आपल्या उरलेल्या चपलेकडे पाहिलं.

"पानं ठेवली असती तर फांदी लवकर सुकली असती. हे माहीत असलेला हात आहे हा," माळीणबाई म्हणाल्या. त्यांनी वर पाहिलं नाही आणि दुसरं काही विचारलंही नाही.

टाळ्या थांबल्या होत्या. आईने शेपटाचा हात सोडला आणि लोकांना बाजूला सारत ती पुढे आली. तिचा आवाज इतका बारीक होता की मागच्यांना पुढे सरकावं लागलं.

"तिने नाही तोडली. मी तोडली. बाकीच्या बागांतूनही मीच घेतल्या. एका फांदीने झाडाला काय होतं, असं वाटायचं मला."

"बहुतेक झाडांना काही होत नाही," माळीणबाई म्हणाल्या. "याला एकच होती."

माळीणबाईंनी तिला आणखी बोल लावला नाही. फांदी अजून टवटवीत होती. जपलीस छान, असं म्हणून त्यांनी आईला खुंट धरायला बसवलं. त्या चाकूने एकेक डोळा काढून सालीत बसवत होत्या आणि आई पट्टी गुंडाळत होती. सगळे डोळे भरून झाल्यावर त्या म्हणाल्या की हा गुलाब जगला तर या पोरांमुळे जगेल. ड्रायव्हरकाकांनी तिघांना परतीला सगळ्यांत पुढची जागा देऊ केली. मावशीने पंडितला चपलेवरून बोलायचं सोडून जवळ घेतलं. एरवी अशा कौतुकाने भिंगरी गिरक्या घेत सुटली असती, पण आता तिला ते ऐकवत नव्हतं.

बसमध्ये आई तिच्याशेजारी बसली.

"तुला माझी लाज वाटली का?"

खोटं बोलणं आज दुपारी भिंगरीला फार सोपं गेलं होतं. तरी ती म्हणाली, "हो. खूप."

आईने मान डोलावली. "मला माझी वाटलीच. पण तू माझ्यासाठी खोटं बोललीस ना, तेव्हा जास्त वाटली. पुन्हा असं करायचं नाही. माझ्यासाठीसुद्धा नाही."

मग ती उठली आणि ड्रायव्हरकाकांशी काहीतरी बोलली. परतताना आधीच्या बागांवरून जाता येईल का, असं ती विचारत होती. काका म्हणाले, रस्ता लांबचा आहे, घरी पोचायला फार उशीर होईल, तेव्हा सगळ्यांना विचारा. आईने सीटची दांडी घट्ट धरली आणि ती पूर्ण बसकडे तोंड करून उभी राहिली. फांद्या परत द्यायच्या आहेत, तिथल्या माणसांना सांगायचं आहे, तुम्ही सगळे थांबाल का, असं तिने विचारलं. तिचा चेहरा लालबुंद झाला होता. भिंगरी उठून तिच्याशेजारी जाऊन उभी राहिली.

कुणी हो म्हणेना, कुणी नाही म्हणेना. शेवटी मधल्या बाकावरचे एक आजोबा खाकरले. त्यांनी कोटाच्या खिशातून एक रुमाल काढला, त्यात मुळांसकट उपटलेलं रोप होतं.

"मलाही दुसऱ्या बागेत उतरायचं आहे," ते म्हणाले.

कुणी हसलं नाही. ड्रायव्हरकाकांनी आरसा नीट केला आणि बस बागांच्या रस्त्याला वळवली.