रंगनाथची साइड

थकलेल्या माणसाला विचारलं तर तो सांगतो, गुडघा दुखतोय, कंबर भरलीय, मान आखडलीय. मुंजाजीला मात्र कुठं दुखतंय हेच सांगता येत नव्हतं. अर्धी जिंदगी सेलूच्या जिनिंगमधून कापसाच्या गाठी भरायच्या आणि ट्रक हाकायचा, यातच गेली होती. त्या दिवशी दिवस कलताना तो आपली जुनी जीप घेऊन पेडगावच्या माळावर पोचला, तेव्हा मनात इतकंच होतं, की पोरीला दोन-चार चकरा मारून दाखवाव्यात, मानवतला घरी जावं आणि पाठ टेकावी.

त्या माळावर योगीराज नावाच्या एका हौशी बागायतदारानं दगडाच्या जुन्या खदानीच्या कडेनं मातीचं सर्किट काढलं होतं. आसपासची पोरं जुन्या जिपा आणून तिथं शर्यत लावायची. नव्या पोरांना वळण लावायला त्यानं मुंजाजीला ठेवलं होतं. आणि येत्या रविवारी शर्यतीत कोण उतरणार, तर मुंजाजीचीच लेक, निकिता. घरी आईनं दोन दिवस तोंड फुगवून ठेवलं होतं. मुंजाजीनं नाही म्हणून बघितलं, पण ती पोरगी ऐकणाऱ्यातली नव्हती. मग तो म्हणाला, उतरायचंच असेल तर नीट शिकून उतर.

आता तुम्ही म्हणाल, शर्यतीत कसला आलाय कायदा, ज्याच्यात दम तो पुढं. तसं नसतं बरं का. रस्त्यावर मागून कुणी भोंगा वाजवला की आपली माणसं गाडी कच्च्यात घालतात, जा बाबा म्हणतात. सर्किटवर ही माणुसकी दाखवली की मागचा मेलाच म्हणून समजा, कारण तोही तिकडूनच निघायच्या बेतात असतो. तिथं पुढच्यानं आपली रेघ सोडायची नाही, एकदम ब्रेक मारायचा नाही. मागच्याला वाट द्यायची तर खिडकीतून हात काढून बाजू दाखवायची. हात दिसत नाही तोवर मागच्यानं शिरायचं नाही. आणि हात दिसला की शंका घ्यायची नाही, निघायचं.

"आन् त्या खदानीच्या वळणावर?" मुंजाजीनं विचारलं.

"कायबी झालं तरी डावीकडून न्हाई," निकिता पाठ म्हणून दाखवल्यासारखं बोलली. "वळणातून निघताना पुढची गाडी आपोआप डावीकडं सरकती. तिथं शिरलं की खदान."

"ध्यानात ठेव माय. तेवढं एक ध्यानात ठेव."

मुंजाजी आपल्या जीपमध्ये बसला आणि पुढं निघाला. मागं निकिता, योगीराजनं दिलेल्या जिप्सीत. धूळ अशी उठली, की आरशात जिप्सीचे दोन पिवळे दिवे सोडले तर काही दिसेना. ऊन्ह समोरून डोळ्यांत येत होतं. पहिली चक्कर झाली. सरळ पट्ट्यावर त्यानं उजवा हात बाहेर काढून तिला वाट दिली, पण ती काही पुढं आली नाही. नुसतीच मागं घुटमळत राहिली. शेवटी त्यानं गाडी कडेला थांबवली.

"काय झालं? हात दिला की तुला."

निकितानं तोंडावरचा रुमाल खाली केला. "अप्पा, दोन्ही बाजूनं साइड देयलाव तुमी. मी कुठून जाऊ?"

"दोन्ही बाजूनं?"

"डावीकडून बी हात काढलाव ना. एकदा न्हाई, सारखं. असा..." तिनं पंजा खाली करून हळूहळू पुढं ढकलल्यासारखा हलवला.

मुंजाजी हसला. "येडी का काय तू. मी बसतो उजवीकडं. माझा हात तिकडं पोचल का?"

"मला काय ठाव. दिसला ते सांगितलं."

"धूळ हाय ती. धुळीत काय बी दिसतं. तू आपला उजवीकडचा हात बघ."

तो जीपमध्ये परत बसला खरा, पण किल्ली फिरवताना मनात कुठंतरी टोचलं. तिनं हात हलवून दाखवला तसा हात हलवणारा एकच माणूस त्याच्या माहितीत होता. रंगनाथ, त्याचा क्लीनर.

ट्रकची डावी बाजू ड्रायव्हरला दिसत नाही. ती क्लीनरनं बघायची. रंगनाथनं ती अशी बघितली, की वर्षानुवर्षं मुंजाजीनं तिकडं मान वळवली नाही. डावीकडं जागा असली की रंगनाथचा हात बाहेर जायचा आणि मागच्याला खुणवायचा, येऊ द्या, येऊ द्या. दाराच्या पत्र्यावर एक थाप म्हणजे चलू द्या. दोन थापा म्हणजे थांबा वस्ताद. असाच एकदा त्याचा हात बाहेर असताना उसाची ट्रॉली घासून गेली. हात चेचला, त्यात विष भरलं, आणि दवाखान्यातून तो परत आला नाही. निकिता तेव्हा पाळण्यात होती. मुंजाजी लय रडला होता. त्यानंतर त्यानं दुसरा क्लीनर ठेवलाच नाही.

दुसरी चक्कर सुरू झाली. सूर्य माळाला टेकला होता. जीपमध्ये धुळीचा वास होता, डिझेलचा वास होता, आणि त्यात हळूहळू तिसरा वास मिसळला. ओल्या चुन्याचा आणि तंबाखूचा. मुंजाजीनं तंबाखू सोडून कैक वर्षं झाली होती. त्यानं डावीकडं बघितलं. सीट रिकामी होती. पण सीटचा स्पंज मधोमध खाली दबलेला होता, आणि गाडी खड्ड्यात आदळली तरी तो वर येत नव्हता.

त्यानं मान परत समोर वळवली. खदानीचं वळण जवळ येत होतं.

टप्... डाव्या दाराचा पत्रा वाजला. बाहेरून. एक थाप.

त्यानं आरशात बघितलं. जिप्सीचे दिवे डावीकडं सरकत होते. आणि एका क्षणात त्याला सगळं उमगलं. रंगनाथ काही वाईट करत नव्हता, तो आपलं काम करत होता. डावीकडं जागा रिकामी दिसली, मागं गाडी घाईत दिसली, त्यानं साइड दिली. मानवतच्या रस्त्यावर ती बरोबरच ठरली असती. पण हे सर्किट होतं, आणि सर्किटचा कायदा रंगनाथला कुणी सांगितला होता? तो हात बघून मागं येणारी मुंजाजीची पोर होती; धुळीत तिला वळण दिसत नव्हतं, आणि हात दिसला की शंका न घेता निघायचं, हे त्यानंच तिला शिकवलं होतं.

ब्रेक मारावा तर ती येऊन धडकेल. डावीकडं घ्यावं तर तीच खदानीत जाईल. त्यानं उजवा हात खांद्यापर्यंत बाहेर काढला आणि जीव तोडून हलवला. दिवे डावीकडंच.

"रंगनाथ..." समोरची नजर न काढता तो बोलला. "रंगनाथ, हात आत घे. इथं डावी न्हाई... इथं डावीकडं खदान हाय गड्या."

पत्रा पुन्हा वाजला. एक थाप.

"अरे, मागं माझी निकी हाय... पाळण्यातली... लेकरू हाय ते माझं..."

वळण सुरू झालं, जीपचं बूड डावीकडं सरकायला लागलं. मुंजाजीनं डोळे मिटले नाहीत एवढंच. आणि तेवढ्यात पत्र्यावर थापा पडल्या. दोन. घाईघाईनं.

आरशातले दिवे थबकले, डगमगले, उजवीकडं आले. जिप्सी त्याच्या उजव्या हाताला वारा घालत पुढं निघून गेली. मुंजाजीनं डावीकडं बघितलं. सीटचा स्पंज हळूच वर आला होता. चुन्याचा वासही गेला होता. त्याला इतकं हलकं वाटलं, की स्टिअरिंगवर डोकं टेकून तिथंच झोपावं.

जिप्सी माळावरच सोडून घरी निघताना त्यानं जीपची किल्ली निकितापुढं धरली. तो म्हणाला, "जीप तूच घे माय. माझ्यानं होत न्हाई आता." आणि डाव्या दाराकडं गेला.

"अप्पा, मागं बसा ना," निकिता म्हणाली.

"का गं?"

ती आरसा पुसत राहिली. मुंजाजीला वाद घालायचं त्राण नव्हतं. तो मागच्या बाकावर जाऊन बसला.

दिवेलागण झाली होती. मानवतच्या रस्त्याला उसाच्या ट्रॉल्या आणि कापसाच्या गाड्या लागल्या. निकिता गाडी सुरेख चालवत होती. नको तिथं घुसत नव्हती, नको तिथं रेंगाळत नव्हती. एखादा मुरलेला ट्रकवालाच बघावा. मुंजाजीला बरं वाटलं. मग त्याच्या लक्षात आलं, की दर गाडीला मागं टाकायच्या आधी ती मान जराशी डावीकडं कलती करतेय. ऐकल्यासारखी. आणि मग, "हं," म्हणून पुढं काढतेय.

डावीकडची सीट त्याला मागून दिसत होती. पाठ टेकायच्या जागेवर कुणी नव्हतं. त्यानं खाली, बसायच्या जागेकडं बघायचं टाळलं.

"निकी," तो म्हणाला. "रविवारी उतरायचं न्हाई. माझं ऐक... एवढं एकदा ऐक."

समोर एक ट्रॉली डुलत चालली होती. निकितानं मान कलती केली, थोडी थांबली, आणि ट्रॉलीच्या डावीकडून गाडी अलगद बाहेर काढली.

"काय बी फिकीर करू नका अप्पा," ती म्हणाली. "उजवी तेवढी तू बघ म्हणलेत हे काका. डावी समदी रविवारी बी तेच बघणार हायेत."