जास्तीचं मेण

चिमीच्या पोटात मेण गेलं असेल का, या काळजीनं दोन रात्री माझा डोळ्याला डोळा लागला नव्हता. सासऱ्यांची धातूच्या मूर्ती ओतायची ओतशाळा घराला लागूनच. तिथून मेण आणून चघळताना मी तिला पकडलं होतं. डॉक्टर म्हणाले, "काही होत नाही, निघून जाईल." पण मी शिकलेली आई, तीनदा विचारल्याशिवाय मला पटत नाही. तिसऱ्या रात्री, चिमी आत झोपल्यावर, सासऱ्यांनाच विचारलं.

"बाबा, तुमच्या मेणात असतं तरी काय?"

त्यांनी आवाज उतरवला.

"माझा जोडीदार होता, माप्या. सगळं तोलून करायचा. मेणाचा पुतळा तोलायचा, वर माती लिंपायचा, साचा उलटा ठेवून तापवायचा. वितळलेलं मेण परातीत आलं की तेही तोलायचा. गेलं तेवढं बाहेर आलं, म्हणजे साचा आतून रिकामा. मग धातू ओतायचा. एकदा मेण कमी पडलं. त्यानं जुनं मिसळलं. बुडून गेलेल्या एका मुलीच्या चेहऱ्याचा ठसा घेतलेलं. ते पुन्हा वापरायचं नसतं."

"का?" शेजारी बसलेल्या धाकट्या दिरानं विचारलं.

"चेहऱ्याला लागलेलं असतं, म्हणून. नोव्हेंबरची तेरा तारीख, रात्रीचे साडेनऊ. आत चार किलो होतं. चार किलो आलं. आणि गळतच राहिलं..."

"बाबा, माझं जेवण अजून खाली उतरलं नाही हं," दीर हसत म्हणाला.

"पांढरट. बुळबुळीत. नासक्या दुधाचा वास. मधेमधे केस. पाच किलो झालं. माप्यानं साच्याच्या भोकात बोट घातलं. आत ओलं होतं. मऊ. जिभेसारखं. ते हललं..."

दिरानं हसणं आवरलं.

"मग दात लागले. बारीक. दुधाचे. त्यानं साचा फोडला. आत... कोरडं ठणठणीत."

"आणि ते जास्तीचं मेण?" मी विचारलं.

"टाकवेना त्याला. डब्यात भरून ठेवलं. तो गेल्यावर डबा माझ्याकडे आला. ओतशाळेत वरच्या फळीवर आहे. माझाही हात तिथे पोचत नाही."

मी ओतशाळेत धावले. डबा जमिनीवर होता. उघडा.

तशीच घरात पळाले. चिमी झोपेत होती. एक गाल फुगलेला. तोंडात बोट घालून मी गोळा ओढून काढला. लाळेनं गिळगिळीत. तोच नासका वास. त्यावर दातांचे ठसे होते, पुढचे सगळे, सलग.

चिमीचे पुढचे दोन दात गेल्या महिन्यातच पडलेत.

तिनं डोळे उघडले. हात पुढे केला.

"आई, दे ना ते. माझं चावून झालं. आता परत तिची पाळी."