रविवारचा डबा

शिरूरच्या एसटी स्टँडसमोर आण्णांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, एसटीडी बूथ होता. मोबाईल तेव्हा साहेब लोकांच्याच कमरेला असायचे. रविवारी बूथवर मी बसायचे.

अशाच एका रविवारी महेंद्र आला. गंगाखेडकडचा, रांजणगावला कंपनीत कामाला. गावातल्या दुकानात फोन लावून म्हणाला, "जय भीम काका, मायला बोलवता का? परत लावतो." ती येईपर्यंत बाकावर बसून राहिला. बाहेर भुरभुर पाऊस... आणि माझी नजर उगाच त्याच्याकडे.

दुसऱ्या फोनवर म्हणाला, "जेवलो की माय. वांग्याची भाजी."

पुढच्या रविवारी वांगं. त्याच्या पुढच्याही.

"दर रविवारी वांगंच? माय ओळखंल की," मी म्हणाले.

तो ओशाळला. "रविवारी कॅन्टीन बंद असतंय. पगार गावाकडं जातो, बहीण नर्सिंगला हाय. एक दिवस न्हाई जेवलं तर काय होतंय?"

मला त्याचा रागच आला. पुढच्या रविवारी मी डबाच नेला. "आधी खावा, मग फोन. आज शेपू सांगा."

"कुणी केली विचारलं तर?"

"सांगा... मेसवाल्या बाईनं."

"मेसवाली अशी टक लावून बघत न्हाई—"

मी घाईघाईनं रस्त्याकडे बघायला लागले. त्या दोन फोनच्या मधला वेळ हळूहळू आमचा होऊन गेला.

दिवाळीनंतर एका रविवारी सकाळी न्हावरे गावचे पाहुणे मला बघायला आले. पोह्यांच्या गडबडीत डबा राहिला.

"पाहुणे आलेवते," मी महेंद्रला म्हणाले. "पसंत हाय म्हणाले."

त्यानं नुसताच नंबर फिरवला. मग फोन लागला.

"न्हाई माय, आज न्हाई जेवलो," तो म्हणाला, आणि आवाज खाली घेऊन कितीतरी वेळ बोलत राहिला. मीटरच्या लाल आकड्यांवर डोळा ठेवून बोलणारा हा माणूस, आज त्याची पाठ मीटरकडे होती. शेवटी त्यानं रिसीव्हर माझ्या हातात दिला.

"पोरी," पलीकडून मायचा आवाज आला, "हे लेकरू खरंच जेवत होतं का गं?"

"शेपूपासनं खरं."

"मंग पुढं बी घालशील का जेवू?"

महेंद्र स्वतःच्या चपलांकडे बघत उभा होता.

"घालीन, माय," मी म्हणाले.

आता बूथ नाही, मायही नाही. आमची लेक पुण्यात नोकरीला आहे. रविवारी फोनवर महेंद्र तिला हमखास विचारतो, "भाजी काय होती?" ती "वांग्याची" म्हणाली, की तो गाडीची किल्ली शोधायला लागतो आणि मी शेपू निवडायला घेते.