उत्तरेकडच्या भिंतीचे सात कागद

उत्तरेकडच्या भिंतीवर वॉलपेपरचे सात थर होते, एकावर एक चिकटवलेले. त्यांखाली तागाचं जाडंभरडं कापड, आणि ते भिंतीच्या ओंडक्यांवर धरून ठेवणारे, चुंबक फिरवून मोजलेले दोनशे चौदा खिळे. सगळ्याची मिळून जाडी नऊ मिलिमीटर. भिंतीची लांबी ५७२ सेंटिमीटर, उंची २३८. पश्चिमेच्या टोकाला दार, पूर्वेच्या टोकाला पलंग, पलंगाच्या अलीकडे एक कपाट. खिडकी या भिंतीला नाही. मे महिन्यातल्या त्या पहिल्या सकाळी मी एवढं वहीत उतरवलं आणि मग कॉफी घेतली.

मी उप्साला विद्यापीठात रसायनशास्त्र शिकले आणि दोन वर्षांपासून जिल्ह्याच्या संग्रहालयात जुने कागद आणि रंग तपासते. आमच्या हेल्सिंगलँड प्रांतातली जुनी घरं माझ्या वाट्याला येतात. या घरी मला मायवोरने बोलावलं होतं. तिचे वडील अस्सार अठ्ठ्याऐंशी वर्षांचे, खुब्याचं हाड मोडलेलं. पालिकेची मदतनीस दिवसातून तीनदा येऊन त्यांचं सगळं करायची. पण पालिकेच्या तपासणीत खोलीला बुरशीचा वास आहे असा शेरा पडला होता. सहा आठवड्यांत भिंती नीट करा, नाहीतर मदतनीस बंद आणि अस्सार वृद्धाश्रमात. तळमजल्यावर राहण्याजोगी खोली ही एकच.

“पालिकेच्या बाईला भिंतीचा वास येतो,” अस्सार पलंगावरून म्हणाले. “माझा येत नाही म्हणजे कमालच आहे.”

“बाबा, पाहुण्यांसमोर तरी.”

“पाहुणी कसली? भिंत सोलायला आलीय ती.” मग माझ्याकडे वळून म्हणाले, “या घरात कागद काढत नाहीत, पोरी. वरून लावतात. तेही अगदी गळ्याशी आलं तरच.”

मी त्यांना समजावलं, की बुरशी कागदात नसून कागदामागच्या पिठाच्या खळीत आहे, आणि वरून आठवा कागद लावणं म्हणजे तिला आणखी एक जेवण वाढणं. त्यांनी ऐकून घेतलं. पटलं असं दिसलं नाही.

कपाट हलवल्यावर वरच्या कागदाचा झाकलेला भाग दिसला. हा कागद १९५७ चा, करड्या जमिनीवर पिवळी पानं. कपाटामागे एका पट्ट्यात पानं नव्हती. पट्टा १६८ सेंटिमीटर उंच आणि ४४ रुंद. उन्हाने रंग उडाला म्हणावं, तर कपाटाआड ऊन पोचत नाही. पुसला म्हणावं, तर भिंगाखाली घासल्याची खूण नाही. करडा रंग पूर्ण होता. पिवळ्याचा एक कणही कागदाच्या धाग्यांत शिरलेला नव्हता. कडेची पानं अर्धवट होती, पण तुटलेली वाटत नव्हती. पुढचं अर्धं पान कशाच्या तरी मागे गेलं असावं, तशी ती थांबली होती.

वहीत मी ‘छपाईतला दोष’ असं लिहिलं. मग पाहिलं, की पट्ट्याच्या मधोमध कागदाचा जोड आहे. वेगवेगळ्या वेळी छापून निघालेले, नंतर शेजारी लावलेले ते दोन तुकडे. मी ‘दोष’ खोडलं आणि तिथे काहीच लिहिलं नाही.

कागद वाफेने सुटतात. दिवसाला एक थर, या गतीने मी काम करत होते. आमच्याकडे कागद लावणारा कारागीर चिकटवण्याआधी भिंतीवर पेन्सिलीने नाव आणि साल लिहितो, त्यामुळे तारखांचा प्रश्न नव्हता. १९३१ चा कागद बारीक निळ्या फुलांचा. १९०८ चा लांब देठांच्या कमळांचा. १८८३ चा गडद तपकिरी-लाल, सोनेरी वेलबुट्टीचा, खोलीला कातडी पेटीची कळा आणणारा. १८५६ चा हिरवा. त्यात आर्सेनिक निघालं, म्हणून तो मी मास्क लावून काढला आणि मायवोरला दिवसभर आत येऊ दिलं नाही. १८२४ चा निळसर करडा, लाकडी ठशांनी छापलेला. आणि सर्वांत खाली १७८८ चा, हाताने केलेले कागद जोडून त्यांवर साच्यातून रंगवलेल्या गुलाबी फुलांच्या माळा.

प्रत्येक कागदावर तो रिकामा पट्टा होता. उंची १६८, रुंदी ४४, उभा. मात्र जागा दर वेळी वेगळी.

दारापासून पट्ट्याच्या मध्यापर्यंतची अंतरं मी जुन्या कागदापासून नव्यापर्यंत मांडली: ५९, ११९, १७८, २३८, २९७, ३५६, ४१६. दोन कागदांमधला फरक दर वेळी ५९.४ सेंटिमीटर. आमच्याकडे मीटर येण्याआधी लांबी ज्या मापाने मोजत, ती एक आल्न तेवढीच असते.

हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. दुपारी अस्सार जेवून पडले होते. डोळे मिटलेलेच होते.

“पलंगापर्यंत किती उरलंय?” त्यांनी विचारलं.

मी टेप लावली. “एकोणसाठ. थोडं वर.”

“हं. बरोबर आहे.”

“काय बरोबर आहे?”

“रागनाला नवा कागद हवा होता. लग्न होऊन आली तेव्हा.” रागना त्यांची बायको, जाऊन वीस वर्षं झाली. “आई तिला म्हणाली, लाव बाई, तू नवी आहेस, तुला हवासा वाटणारच. पण दर कागदाला ते एक पाऊल टाकतं, एवढं लक्षात ठेव. रागनाने लावलाच. मग आम्ही त्या पट्ट्यापुढे कपाट ठेवलं आणि पुन्हा कागद लावला नाही.”

“ते म्हणजे कोण?”

“मला काय ठाऊक? मी काय त्याला कॉफीला बोलावलंय?”

“मग पलंगच का नाही हलवलात?”

त्यांनी डोळे उघडले. “याच्यावर रागना गेली. तिथेच राहू दिला.”

अहवालात जे लिहिता येणार नाही, ते इथे लिहिते. सात नोंदी म्हणजे एक क्रम होता, आणि त्याची पुढची जागा मला काढता येत होती. क्रमातल्या सगळ्या नोंदीच तिथून उचलल्या, तर आठवीला मोजायला आधार उरत नाही, असा हिशेब मी केला. सातही कागद संग्रहालयात न्यायचे, नवा कागद थेट ओंडक्यांवर, नव्या कापडावर लावायचा. आणि पलंग समोर, दक्षिणेकडच्या भिंतीला, खिडकीपलीकडच्या कोपऱ्यात लांबीने लावायचा. मायवोरला हे मी बुरशीच्या भाषेत सांगितलं. अस्सारना सांगायला भाषा लागली नाही.

“सगळे काढणार?”

“सगळे.”

“मग त्याला मागे फिरायला जागा राहणार नाही.”

“बाबा,” मायवोर म्हणाली, “वृद्धाश्रम की कागद, एवढंच सांगा. मला फोन करायचाय.”

त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं. बाहेर बर्चच्या झाडांना पानं नुकती फुटली होती.

“कागद,” ते म्हणाले.

कागद लावायला तूरे आला. पंचेचाळीस वर्षं हेच काम केलेला माणूस. नमुना मायवोरनेच निवडला होता, १७८८ च्या माळांची नवी छपाई. चारी भिंतींना मिळून कागदाचे अडतीस पट्टे कापले. चिकटवण्याआधी प्रत्येक पट्टा मी टेबलावर पसरून वरपासून खालपर्यंत तपासला आणि त्याचा फोटो घेतला.

“संग्रहालयवाल्या बाई, एकेका फुलाची हजेरी घेणार का?”

“हो.”

“मग माझीही घ्या. मी सातपासून हजर आहे.”

अडतीस पट्टे, सगळे पूर्ण. तूरेने उघड्या ओंडक्यावर पेन्सिलीने नाव आणि साल लिहिलं, कापड ताणलं आणि कामाला लागला. बुधवारी शेवटचा पट्टा लागला.

गुरुवारी मी उत्तरेची भिंत तपासली. जिथे आठवी जागा, दारापासून ४७५, येते, तिथे माळा पूर्ण होत्या. शुक्रवारीही पूर्ण, सोमवारीही. पालिकेची बाई आली, तिने नाक वर करून दोन फेऱ्या मारल्या आणि तपासणीच्या फॉर्मवर सही केली. अस्सार घरीच राहणार होते. मायवोरने वेलदोड्याचे पाव भाजले होते. अस्सारनी दोन खाल्ले, आणि तिसरा उशीखाली ठेवू का असं विचारून तिला हसवलं. मी वही मिटली.

तीन आठवड्यांनी मायवोरचा फोन आला.

“बाबा बरे आहेत,” ती म्हणाली. “चांगलेच बरे आहेत. झोप छान लागते म्हणतात.”

“मग?”

“पलंगाच्या अगदी बाहेरच्या कडेला झोपतात. एक हात खाली लोंबतो. पडले तर दुसरा खुबा जाईल. मी म्हटलं, भिंतीकडे सरका की जरा.”

“मग काय म्हणाले?”

“म्हणाले, जागा नाही.”

मी दुसऱ्या दिवशी दुपारी गेले. अस्सार स्वयंपाकघरात चाकांच्या खुर्चीवर बसून बटाटे सोलत होते. चेहऱ्यावर रंग होता.

“जा, बघून ये,” ते म्हणाले. “फार आवाज करू नका.”

मी आणि मायवोरने पलंगाची दोन टोकं धरली आणि तो दक्षिणेच्या भिंतीपासून ओढला.

पलंगामागे माळा नव्हत्या. कडेची फुलं अर्धी होती.

“हे उभं नाहीये,” मायवोर म्हणाली.

मी तिच्या हातात टेपचं एक टोक दिलं.

लांबी, आडवी: १६८ सेंटिमीटर. उंची: ४४. खालच्या कडेचं जमिनीपासून अंतर: ५२.

गादीच्या वरच्या बाजूचं जमिनीपासून अंतर: ५२.