न झालेल्या फेऱ्या

कोळशाची खाण बंद पडल्यापासून वसाहतीत माणसं कमी आणि कुलपं जास्त झाली होती. त्यात एके सकाळी बसथांब्यावरच्या यंत्रमानवाने जाहीर केलं, "सोमवारपासून बस बंद. इथे दर घरामागे प्रवासाच्या फेऱ्या फार कमी आहेत."

निर्झरा आजोबांबरोबर थांब्यावर उभी होती. तिच्या आईला रक्तशुद्धीसाठी (डायलिसिससाठी) आठवड्यातून तीनदा शहरात जावं लागे.

"आबा, आपल्याकडे तर कुणी विचारायला आलंच नाही. मग याला कसं कळलं?" तिने आजोबांना विचारलं. ते पूर्वी शहरांच्या वाहतुकीचं नियोजन करत.

"सगळ्यांना विचारत नाहीत, बाळा. थोड्या घरांना विचारतात, की दिवसभरात घरातून कोण कुठे गेलं. जाणं ही एक फेरी, येणं ही दुसरी. मग सारख्या घरांचे गट करायचे. घरात माणसं किती, कमावती किती, गाडी आहे का, यावरून. प्रत्येक गटाची सरासरी काढून ती त्या गटातल्या घरांच्या संख्येने गुणायची. हा झाला फेरीनिर्मितीचा अंदाज (वस्तीतून रोज किती प्रवास निघतील याचं गणित)."

"मग आपला गट कोणता?"

"कमावतं कुणी नाही, गाडी नाही," यंत्रमानव म्हणाला. "शहरात अशा घरांतून बसने फारसं कुणी जात नाही."

"कारण तिथे दवाखाना पायी गाठता येतो!" आजोबांना खोकल्याची उबळ आली. "इथला खाणीबरोबरच बंद झाला. सरासरी तिकडची, माणसं इकडची."

निर्झरा समोरच्या कुलूपबंद दाराकडे बघत होती. "या घरातल्या भिवाकाकू आईबरोबरच उपचाराला जायच्या. परतीची दुपारची बस बंद झाली, तसं संध्याकाळपर्यंत थांबणं त्यांना झेपेना आणि त्यांचं जाणं सुटलं. गेल्या महिन्यात वारल्या. तुझ्या हिशेबात त्यांच्या फेऱ्या किती होत्या?" तिने यंत्रमानवाला विचारलं.

"शेवटी शून्य. त्या थांब्यावर आल्याच नाहीत."

"म्हणजे त्यांना जायचंच नव्हतं?"

"हे मी कधी विचारलेलं नाही," यंत्रमानव म्हणाला.

इथे नव्याने विचारायला हवं, असं त्याने मुख्यालयाला कळवलं. संध्याकाळी उत्तर आलं: नवी पाहणी होईपर्यंत बस चालेल, पण आठवड्यातून तीनच दिवस. आईचं भागणार होतं. बाकीच्यांचं काय, कुणालाच ठाऊक नव्हतं.

दुसऱ्या दिवशी निर्झरा आणि यंत्रमानव पाहणीसाठी घरोघर निघाले. "काल कुठे गेलात?" यंत्रमानव विचारी. "आणि कुठे जायचं राहून गेलं?" निर्झरा विचारी.

मडावीआजी उंबऱ्यावर बसल्या होत्या. पहिल्या प्रश्नाला त्यांनी नकारार्थी मान हलवली. दुसऱ्याला डोळ्यांना पदर लावला.

"लेकीकडे. नातू रांगायला लागला म्हणे. तिकडची बस पुन्हा सुरू होईल का गं?"

"माहीत नाही, आजी," निर्झरा म्हणाली. "पण आता तुमचं राहिलेलं जाणंही मोजलं जाईल."

आजी सरकल्या आणि दोघांना बसायला जागा केली.