ज्याची वही आधी

सोमवारी सकाळी मी बर्नलीच्या थिएटरात शिरले ती नखशिखांत भिजून, आणि उशिरा! रंगमंचाच्या कडेला त्या आठवड्याच्या सगळ्या कलाकारांच्या नोटेशनच्या वह्या ओळीने लागल्या होत्या. माझी पाचवी.

वाद्यवृंदाचे मास्तर हॉल्डन यांनी ती चाळली आणि भुवया उंचावल्या.

"डेलिया, हीच चाल दोन नंबरला आहे. एनॉकची."

आमच्या धंद्यात ज्याची वही आधी, त्याची चाल. दुसऱ्याने ती आठवडाभर तिथे गायची नाही. माझ्याकडे दुसरं धड गाणं नव्हतं, आणि संध्याकाळी पहिल्या खेळाला मँचेस्टरचे मोठे व्यवस्थापक खास मला ऐकायला येणार होते.

"कोण हा एनॉक?"

"मी." कॉन्सर्टिनाची छोटी हातपेटी पोटाशी धरून एक उंच माणूस उठला. राग यायच्या आधी नेमके त्याचे निळे डोळेच दिसले... काय करू!

"ही आमच्या क्लॉनमेल गावची चाल आहे. माझ्या आईने शिकवलेली. तुम्हाला कुठे मिळाली?"

"प्रेस्टनच्या थिएटरात," तो हळूच म्हणाला. "तुम्ही गात होतात, मी विंगेत उभा असायचो. सहाही दिवस."

"म्हणजे चोरलीत!"

"हो." त्याचे कान लालबुंद झाले. "तुम्ही गेलात... चाल काही जाईना. वाजवली की तुम्ही जवळपास आहात असं वाटायचं."

मागे कसरतवाले खोकले. एनॉकने ओळीतून आपली वही उचलली.

"उपकार नकोत मला!" मी म्हणाले. खरं तर रडूच येत होतं. "चोरीची शिक्षा भोगा. मी गाईन, तुम्ही साथ करा. एक जरी सूर चुकला ना—"

"चुकणारच. तुम्ही समोर असलात की बोटं ऐकत नाहीत."

"मग माझ्याकडे बघू नका."

"ही शिक्षा जरा जास्त झाली हं!"

मला हसू आवरेना.

संध्याकाळी तो बिचारा मान खाली घालून वाजवत होता. दुसऱ्या कडव्याला मात्र त्याने बघितलंच. त्याचा सूर चुकला नाही, मीच शब्द विसरले! तेवढी ओळ त्याने वाजवून सांभाळून घेतली. रंगमंचावर इतकी वर्षं मी एकटीच उभी राहत आले होते. त्या संध्याकाळी मला फार बरं वाटलं.

पडदा पडल्यावर मँचेस्टरचे साहेब आत आले. "बारा आठवड्यांचा करार, मिस. तुमच्याशी."

"दोघांशी करा," मी म्हटलं. ते निघून गेले असते, तर माझेही बारा आठवडे गेले असते.

"नवरा-बायको आहात का?"

"अजून नाही," एनॉक म्हणाला.

मी गर्रकन वळले. "मला विचारलंत कधी?"

"आता विचारतोय... डेलिया?"

मी त्याच्याकडे नीट बघून घेतलं. मग साहेबांना म्हटलं, "लिहा. दोघांशी."